हिरवा डाग, लाल डाग

मागच्या अंकात उन्हाळ्यातल्या शेडबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती : कोंबडी जगवण्याइतकंच ती बाजारापर्यंत धड पोचवणं अवघड आहे. सबंध लेखावर आली नसतील तेवढी पत्रं त्या एका ओळीवर आली. त्यांतली पाच घेतो. पहिल्या पत्राला जागा जास्त जाईल. बाकीच्यांनी रागावू नये, त्यांची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझी 5,000 पक्ष्यांची शेड आहे. कंपनीशी करार नाही, माल स्वतः विकतो. मे महिन्यात 1,100 पक्षी एका व्यापाऱ्याला दिले. रात्री साडेअकराला लिफ्टिंग, म्हणजे पक्षी पकडून गाडीत भरणं, सुरू झालं, दोनला गाडी निघाली. सकाळी फोन आला, 43 पक्षी मेलेले उतरले, शंभरच्या वर डागी आहेत, पैसे कापणार. ड्रायव्हर म्हणतो पक्षी आधीच आजारी होते. लिफ्टिंगची पोरं म्हणतात ड्रायव्हरनं गाडी कुठंतरी लावून ठेवली. व्यापारी म्हणतो तुमचं तुम्ही बघा. खरं कसं ओळखायचं?
(एक कुक्कुटपालक, ता. मुरबाड)

उत्तर : तुम्ही तिघांना विचारलंत. चौथा साक्षीदार मेलेला पक्षी, त्याला कुणीच विचारलं नाही. त्या 43 पक्ष्यांचं काय केलं? फेकले असणार. पुढच्या वेळी त्यांतले निदान दहा बाजूला ठेवायला सांगा, आणि ते कुठल्या क्रेटमधून निघाले तेही लिहून ठेवायला सांगा. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. मेलेले पक्षी गाडीत इकडे एक, तिकडे एक असे विखुरलेले असतील तर एकतर पकडताना इजा झालेली असते किंवा आजार असतो. चार-पाच शेजारच्या क्रेटमध्ये ढिगानं मेलेले असतील, आणि ते क्रेट केबिनच्या मागे मधल्या रांगांतले असतील, तर उष्म्यानं गेले. आजार काही क्रेट बघून येत नाही.

आता डागांचं. तुमच्या पत्रातला ‘डागी’ हा शब्द सगळ्यात मोलाचा आहे, कारण डागाला रंग असतो आणि रंगाला वेळ असते. मार लागल्यावर काही मिनिटांतच कातडीखाली लाल डाग दिसतो. साधारण 12 तासांनी तो गडद, जांभळट होतो. एक दिवस उलटला की त्यात हिरवी झाक येते, आणि दोन दिवसांनी तो पिवळट-हिरवा होऊ लागतो. माणसाचा काळानिळा डागही रंग बदलतो, पण कोंबडीचा हिरवा जास्त उठून दिसतो. साकळलेलं रक्त मोडताना आधी एक हिरवं रंगद्रव्य तयार होतं. आपल्या शरीरात त्याचं पुढे पिवळं होतं, कोंबडीत ते बहुतेक हिरवंच राहतं. कोंबडी साफ करताना पित्ताची पिशवी फुटली की हात कसा हिरवा होतो, तो हाच रंग.

म्हणून त्या शंभरांतले चार-पाच पक्षी पिसं काढल्यावर कसे दिसत होते, त्याचा फोटो मागवा. डाग हिरवे असतील तर व्यापाऱ्याशी भांडू नका; मार तुमच्याच शेडमध्ये, आदल्या दिवशी किंवा त्याआधी लागलेला आहे. वजन करायला पक्षी हुसकले असतील, दाटी झाली असेल, कामगाराचा पाय लागला असेल. डाग लाल असतील तर ते त्या रात्रीचे. मग डाग कुठे आहे ते बघा. मांडीवर, नडगीच्या वर असेल तर पकडणाऱ्याच्या मुठीचा. पंखाच्या सांध्यावर असेल तर पक्षी क्रेटच्या तोंडातून कोंबताना पंख अडकला. छातीवर असेल तर पक्षी आत आपटला, किंवा भरलेला क्रेट धाडकन ठेवला.

नोकरीत असतानाची एक पहाट सांगतो. रायगडात होतो तेव्हा एका व्यापाऱ्यानं बोलावलं. गटाराच्या कडेला पोतं अंथरून 19 मेलेले पक्षी ओळीनं मांडले होते, आणि तो मला ‘राणीखेत (कोंबड्यांचा साथीचा रोग) असेल, लिहून द्या’ म्हणत होता. मी पहिला पक्षी उताणा केला, दोन्ही मांड्या बाहेरच्या बाजूला दाबल्या. उजवी नीट वळली, डावी कापडी बाहुलीच्या पायासारखी लोंबली. पोट उघडलं तर रक्ताची गुठळी, अर्ध्या वाटीएवढी. मांडीच्या हाडाचं डोकं खुब्यातून निखळून पोटात घुसलं होतं. असे सात निघाले. सातांपैकी सहांचा एकच पाय निखळलेला होता, दुसरा शाबूत. राणीखेत असा एका पायाला धरून येत नाही.

हे कसं होतं ते तुम्ही रोज बघता, फक्त लक्ष देऊन बघितलं नसेल. पकडणारा पोरगा वाकतो, प्रत्येक पक्ष्याचा एकच पाय धरत एका हातात तीन, चार, कधी पाच पक्षी उचलतो आणि वळतो. सव्वादोन किलोचा पक्षी एका पायावर उलटा लोंबतो आणि वर पंख फडफडवतो. आपला ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, पाच-सहा आठवड्यांचं पोर असतं हो. मांस मोठ्या कोंबडीचं, सांधे पिलाचे. त्या हिसड्यात खुबा निखळतो आणि आतल्या आत रक्त वाहत राहतं. पक्षी क्रेटमध्ये जिवंत जातो, बाजारात मेलेला उतरतो, आणि बोल ड्रायव्हरला लागतो.

उष्म्यानं मेलेला पक्षी वेगळा दिसतो. चोच उघडी, अंग गार व्हायला वेळ लागतो, छातीचं मांस अर्धवट उकडल्यासारखं फिकट. पोटात पिवळसर पाणी साठलेलं असेल तर मात्र तो पक्षी आधीपासूनच आजारी होता आणि ती मर (मरतूक) तुमची. ती मान्य करा. दहांत एक आपला निघाला तरी बाकी नऊंबद्दल बोलायला तोंड राहतं.

आणि आता तुमच्याच पत्रातली एक गोष्ट, जी तुमच्या नजरेतून सुटली. लिफ्टिंग साडेअकराला सुरू, गाडी दोनला निघाली. म्हणजे सगळ्यात आधी चढवलेले क्रेट अडीच तास उभ्या गाडीत होते, मे महिन्यात, आणि ते असणार केबिनला लागून, बाकी सगळ्यांच्या मागे कोंडलेले. कोंबडीला घाम येत नाही. अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास, आणि उष्णता बाहेर टाकायची तर धापा टाकत वाफ सोडायची, हाच मुख्य मार्ग. दहा-बारा जणी एका क्रेटमध्ये धापा टाकू लागल्या की तिथली हवा दमट होते, आणि मग धाप लागूनही उपयोग होत नाही. चालत्या गाडीत वारा फिरतो. उभी गाडी म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. ड्रायव्हरनं वाटेत गाडी लावली की नाही ते देव जाणे, पण पहिले अडीच तास ती तुमच्याच अंगणात उभी होती.

करायचं काय? चारा-खाद्य आधी काढा, पाणी मात्र शेवटच्या क्षणापर्यंत ठेवा. पक्षी कापेपर्यंतचा सगळा वेळ धरून आठ ते बारा तास पोट रिकामं असलेलं बरं. वजन वाढावं म्हणून ऐन वेळी खाद्य टाकणारे मला माहीत आहेत. ते वजन वाटेत विष्ठा होऊन खालच्या क्रेटमधल्या पक्ष्यांच्या डोक्यावर पडतं. दिवे मंद करा, जमलं तर निळा दिवा लावा. निळ्या उजेडात कोंबडीला नीट दिसत नाही, ती बसून राहते. जाळीची आडवी पट्टी लावून शे-दीडशे पक्ष्यांचेच गट करा, नाहीतर सगळे एका कोपऱ्यात चढतात आणि तळातले तिथेच घुसमटून मरतात. पक्षी दोन्ही पायांनी धरायचा. क्रेट शेडमध्ये पक्ष्याजवळ न्यायचे, पक्षी गाडीपर्यंत लोंबकळत न्यायचा नाही. तुटक्या क्रेटची टोकं कापून टाका, ती पंख फाडतात. मे महिन्यात क्रेटमागे दोन पक्षी कमी, आणि क्रेटच्या रांगांमध्ये वीतभर फट. अंगणात गाडी वाऱ्याला आडवी लावा आणि भरणं चालू असेपर्यंत बाजूला मोठा पंखा ठेवा. शेवटचा क्रेट चढला की चहा नको, गाडी हलली पाहिजे.

पण खरी मेख मजुरीत आहे. लिफ्टिंगच्या पोरांना पैसे नगावर मिळतात. जितके नग तितके पैसे, आणि रात्रीत तीन शेड उरकायच्या. मग तो दोन पायांनी कशाला धरेल? तुम्ही पंधरा सूचना भिंतीवर लिहा, तो एका पायानंच धरणार. माझं मत असं : नगाचा दर तोच ठेवा, वर एक ठरावीक रक्कम जाहीर करा, जी खुबा निखळलेले पक्षी ठरवलेल्या आकड्याच्या आत निघाले तर मुकादमाच्या हातात पडेल. एका शेतकऱ्यानं माझ्या सांगण्यावरून हे करून पाहिलं. पहिल्या खेपेला पोरांनी त्याला हसून घेतलं. तिसऱ्या खेपेला मुकादम स्वतः ओरडत होता, ‘दोन्ही पाय धर रे!’

आणि पावतीवर वजन, नग याबरोबर भरणं सुरू झाल्याची वेळ, गाडी निघाल्याची वेळ आणि बाजारात उतरल्याची वेळ लिहून ड्रायव्हरची सही घ्या. एवढ्यानं निम्मी भांडणं मिटतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरच्या दुकानात रोज सकाळी स्कूटरवरून कोंबड्या येतात. दोन्ही हँडलना पाय बांधून उलट्या लोंबकळत असतात, चाकाजवळ डोकी. माझी नऊ वर्षांची नात म्हणते, आजी, त्यांना चक्कर येत नाही का? हे कायद्यात बसतं का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नातीला सांगा, चक्करेपेक्षा वाईट होतं. आपल्या छाती आणि पोटामध्ये श्वासपटलाचा पडदा असतो, कोंबडीला तो नसतो. उलटी टांगली की आतडी, काळीज सगळं फुप्फुसांवर आणि हवेच्या पिशव्यांवर येऊन बसतं. उलटी कोंबडी काही वेळानं गप्प होते, तेव्हा दुकानदार म्हणतो ‘बघा, शांत झाली’. ती शांत झालेली नसते, दमलेली असते.

कायद्यात बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे, त्याच्या कलम 11 मध्ये यातना होतील अशा रीतीनं प्राणी वाहून नेणं हा गुन्हा आहे. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम 1978 चे, आणि 2001 मध्ये त्यांत कोंबड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं. ते वाचलं की हसावं की रडावं कळत नाही. मोठ्या 12 कोंबड्यांना 115 सेंटिमीटर लांब, 50 रुंद, 45 उंच पेटी. भागाकार केला तर एकीला जेमतेम एक वीत लांब, एक वीत रुंद जागा. एवढीच तर मागणी आहे. पेट्या एकावर एक ठेवायच्या नाहीत. सलग सहा तासांपेक्षा जास्त न्यायचं नाही, गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त उभी ठेवायची नाही. तापमान 25 अंशांवर गेलं तर वाहतूकच नाही! आपल्याकडे मे महिन्यात रात्री दोनलाही 25 च्या वर असतं. पाळता येणार नाही असा नियम केला की त्याच्या शेजारचे पाळता येण्यासारखे नियमही लोक सोडून देतात, हे मी नोकरीत पुरेपूर पाहिलं.

तक्रार पोलिसांत किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे करता येते. पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, वर्षानुवर्षं तसाच. 50 रुपयांत त्याच दुकानात अर्धा किलो चिकन येणार नाही. म्हणून मी तुम्हाला वेगळं सुचवतो. तुमच्या सोसायटीतले किती जण त्याचे गिऱ्हाईक आहेत? त्यांतल्या चार जणांनी एकत्र जाऊन ‘मागे क्रेट बांधून आण, नाहीतर पुढच्या चौकातून घेऊ’ एवढंच म्हणावं. क्रेट स्कूटरच्या मागे सहज बसतो. त्यानं आणलेली कोंबडी कापल्यावर मांडीवर लाल डाग आहेत का, तेही बघायला सांगा. मागचं उत्तर वाचून आता तुम्हाला ते ओळखता येईल.

प्रश्न : मी सहा वर्षं कोंबडीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. सगळे आम्हालाच बोलतात. पावसात ताडपत्री टाकली तर पक्षी गुदमरतात, नाही टाकली तर भिजून मरतात. उन्हाळ्यात पाणी मारावं की नाही? शेठ म्हणतो मार, दुसरा ड्रायव्हर म्हणतो मारू नको.
(एक ड्रायव्हर, नाशिक)

उत्तर : दादा, शेठ आणि दुसरा ड्रायव्हर दोघंही अर्धे बरोबर. पाणी मारून लगेच गाडी पळवणार असाल आणि हवा कोरडी असेल, तर मारा. पाणी उडून जाताना पक्ष्याची उष्णता घेऊन जातं. कोकणातल्या दमट हवेत, उभ्या गाडीवर पाणी मारलंत तर आत वाफ कोंडते आणि तुम्ही मदत करायला जाऊन घात करता. नाक्यावर, फाटकात अडकलात तर पाण्यापेक्षा सावली शोधा, आणि ड्रायव्हरच्या बाजूची ताडपत्री वर करा.

ताडपत्री वरून आणि पुढून घट्ट, दोन्ही बाजूंना खालची हातभर जागा उघडी आणि मागचा भाग मोकळा. पाऊस बाजूनं मारत असेल तेव्हा त्या एकाच बाजूची खाली सोडायची. दोन्ही बाजू बांधून धाब्यावर जेवायला बसणारे मी पाहिलेत. डिसेंबरात उलटं : कसारा घाटात पहाटे वारा झोंबतो आणि पक्ष्याच्या छातीची पिसं ओली असतील तर तो गारठून मरतो, म्हणून थंडीत पुढची ताडपत्री विसरायची नाही. गतिरोधकावर गाडी आदळली की सगळ्यात वरचे क्रेट उडतात, ते दोरीनं नाही, पट्ट्यानं बांधा. बाकी वरचं पहिलं उत्तर कापून तुमच्या शेठला दाखवा. तुमच्या माथी मारलेल्या मरीतला बराच भाग तुम्ही गाडीत बसण्याआधीच झालेला असतो.

प्रश्न : आमचा अंड्यांवरच्या कोंबड्यांचा धंदा आहे. 75 आठवड्यांच्या पक्ष्यांची बॅच काढली, तर पंख आणि पाय मोडलेले खूपच निघाले. ब्रॉयलरपेक्षा वजन कमी, मग हाडं इतकी कशी मोडतात?
(एक कुक्कुटपालक, नवापूर परिसर)

उत्तर : कारण हाडांतलं कॅल्शियम तुम्ही ट्रेमध्ये घालून विकलंत. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. रात्री कवच तयार होताना पोटात खाद्य नसतं, तेव्हा कोंबडी ते हाडांतून काढते. असं वर्षभर चाललं की हाड पापडासारखं होतं. ब्रिटनमध्ये ग्रेगरी आणि विल्किन्स यांनी 1989 साली पिंजऱ्यातल्या, अंडी देऊन संपलेल्या कोंबड्या तपासल्या, तेव्हा कापायला जाईपर्यंत 29 टक्क्यांची हाडं मोडलेली होती. म्हणजे हे तुमचं एकट्याचं दुखणं नाही.

शेवटच्या महिन्यात शिंपलेचूर बंद करून पैसे वाचवता का? बहुतेक जण करतात. करू नका, संध्याकाळच्या खाद्यात जाड शिंपला चालू ठेवा. पिंजऱ्यातून काढताना एका पायाला धरून ओढलं की पंख दारात अडकतो आणि कट्‌ असा आवाज येतो. तुम्ही तो ऐकला असेल. एक पक्षी, दोन्ही पाय, दुसरा तळवा छातीखाली, आणि दार पूर्ण उघडं. वेळ दुप्पट लागतो, हे कबूल. पण मोडक्या पंखाची कोंबडी व्यापारी कोणत्या भावानं उचलतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

प्रश्न : आमचा बचत गट गावरान कोंबड्या आठवडी बाजारात नेतो. पाय सुतळीनं बांधून काळी-पिवळी जीपच्या टपावर टाकतो. गिऱ्हाईक म्हणतं पाय सुजलेत, आजारी आहे, भाव पाडतात.
(बचत गटाच्या एक सदस्य, ता. जव्हार)

उत्तर : ताई, सुतळी काढा, पाय सुजणार नाहीत. टपावर पत्रा तापतो, तिथं हात ठेवून बघा. घरात डालगं असेलच. ज्याखाली कोंबडी झाकता तेच उलटं करा, तळाला भाताचा पेंढा, वर जुनी मासेमारीची जाळी ताणून बांधा, आणि ते जीपमध्ये पायाशी ठेवा. एका डालग्यात पाच-सहापेक्षा जास्त नकोत. कोंबडा कोंबड्यांत घालू नका, वेगळा न्या. दोन कोंबडे एकत्र तर मुळीच नकोत, बाजारात पोचेपर्यंत एकाचा तुरा फाटलेला असेल. निघण्याआधी पाणी पाजा. बाजारात बसल्यावर डालगं सावलीत ठेवून वाटीभर पाणी आत सारा, आणि गिऱ्हाईक आलं की कोंबडी पाय धरून उलटी दाखवू नका. काखेत धरून दाखवा. तुरा लाल आणि डोळा उघडा दिसला की भाव तुम्ही सांगायचा.